वीर्यद्रवातील संप्रेरके व नैसर्गिक संयुगे आणि शुक्राणूंची गतिशीलता : एक विवेचन

सारांश

शुक्राणूंची गतिशीलता हा पुरुषाच्या प्रजननक्षमतेचा एक महत्त्वाचा निकष मानला जातो. ही गतिशीलता केवळ शुक्राणूच्या रचनेवर अवलंबून नसते. शुक्राणू ज्या द्रवातून प्रवास करतो, त्या द्रवातील शर्करा, क्षार, प्रथिने, मेदद्रव्ये आणि संप्रेरकसदृश संयुगे यांचाही तिच्यावर क्रमाक्रमाने परिणाम होत असतो. प्रस्तुत लेखात या घटकांचे कार्य सोप्या भाषेत स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. यांपैकी काही घटक गती देणारे तर काही गती रोखणारे आहेत, आणि गर्भधारणेसाठी दोहोंची आवश्यकता असते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे. त्या आधारे ‘अमुक घटक वाढविला की शुक्राणूंची गती वाढते’ या लोकप्रिय समजुतीच्या मर्यादा दाखविल्या आहेत.

बीजसंज्ञा : वीर्यद्रव, शुक्राणू, गतिशीलता, संप्रेरके, जस्त, प्रोस्टाग्लँडिन, प्रोजेस्टेरॉन, कॅल्शिअम मार्गिका

प्रस्तावना

अपत्यप्राप्ती न होणे हा भारतीय समाजात आजही केवळ वैद्यकीय प्रश्न राहिलेला नाही. त्याला कौटुंबिक आणि सामाजिक अंगे आहेत. मूल होत नसेल तर दोष स्त्रीचाच, असे गृहीत धरून तिच्या तपासण्या, औषधोपचार, नवस-सायास यांत वर्षे घालविली जातात आणि पतीची साधी वीर्यतपासणी मात्र शेवटी होते, किंवा होतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील साधारणपणे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. वंध्यत्व असलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषातील कारण एकटे किंवा स्त्रीतील कारणाच्या जोडीने आढळते. या कारणांमध्ये शुक्राणूंची मंद गती हे नेहमी आढळणारे कारण आहे.

मराठीत या विषयाची शास्त्रीय चर्चा नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू करून प्रजनन व लैंगिक आरोग्याविषयी उघडपणे लिहिण्याचा पाया घातला. असे असूनही वीर्य म्हणजे ‘शक्ती’ आणि ते जितके दाट तितके चांगले, यांसारख्या समजुती आजही प्रचलित आहेत. या समजुतींचा लाभ घेऊन अनेक गोळ्या, चूर्णे आणि इंजेक्शने विकली जातात. म्हणूनच वीर्यद्रवात प्रत्यक्षात कोणते घटक असतात आणि ते शुक्राणूंच्या हालचालीवर कोणता परिणाम करतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१. वीर्यद्रवाची घडण व त्याचे उगमस्थान यांची माहिती घेणे.
२. शुक्राणूंच्या गतीवर परिणाम करणाऱ्या प्रमुख संयुगांचे व संप्रेरकांचे कार्य स्पष्ट करणे.
३. या ज्ञानाचा वंध्यत्वाचे निदान, उपचार व संततिनियमन यांच्याशी असलेला संबंध मांडणे.

प्रस्तुत लेख प्रकाशित संशोधनावर, म्हणजेच दुय्यम साधनांवर, आधारित असून त्याचे स्वरूप विवेचनात्मक आहे.

वीर्य आणि वीर्यद्रव

नेदरलँड्समधील अंतोनी व्हान लेव्हेनहुक यांनी १६७७ साली आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यातील हलणारे सूक्ष्म जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. तेव्हापासून दीर्घकाळ अभ्यासकांचे लक्ष शुक्राणूवर केंद्रित झाले आणि त्याच्या भोवतीचा द्रव हे केवळ वाहून नेण्याचे माध्यम समजले गेले. वास्तविक वीर्याच्या एकूण आकारमानात शुक्राणूंचा वाटा अगदी अल्प, म्हणजे साधारण २ ते ५ टक्के असतो. उर्वरित भाग हा वीर्यद्रव होय. त्यापैकी सुमारे दोनतृतीयांश भाग शुक्राशयांतून येतो, सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश भाग पुरःस्थ ग्रंथीतून, म्हणजे प्रोस्टेटमधून, येतो आणि थोडा भाग काऊपर ग्रंथी व अधिवृषण यांतून येतो.

हे स्राव एकाच वेळी मिसळून बाहेर पडत नाहीत. वीर्यस्खलनाच्या पहिल्या भागात प्रामुख्याने पुरःस्थ ग्रंथीचा स्राव आणि बहुसंख्य शुक्राणू असतात, तर नंतरच्या भागात शुक्राशयाचा स्राव अधिक असतो. हा क्रम पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे, कारण या दोन स्रावांतील घटक शुक्राणूवर वेगवेगळा परिणाम करतात.

शुक्राणू ही शरीरातील एक असाधारण पेशी आहे. परिपक्व होताना ती आपला बहुतेक पेशीद्रव टाकून देते आणि तिचे केंद्रक इतके घट्ट आवळले जाते की त्यातील जनुकांवरून नवी प्रथिने तयार करण्याचे काम जवळजवळ थांबते. त्यामुळे बदलत्या परिस्थितीला तोंड देण्यासाठी शुक्राणूकडे फक्त आधीपासून असलेली साधने उरतात. ती केव्हा वापरायची याचे संकेत त्याला बाहेरून, म्हणजे वीर्यद्रवातून आणि पुढे स्त्रीच्या प्रजननमार्गातून, मिळतात.

अधिवृषणातील विश्रांती

वृषणात तयार झालेला शुक्राणू दिसायला पूर्ण असला तरी त्याला पुढे पोहता येत नाही. अधिवृषणातील लांबलचक, वेटोळ्या नलिकेतून प्रवास करताना त्याला ही क्षमता प्राप्त होते. या भागात कार्निटाइन हे संयुग मोठ्या प्रमाणात साठविलेले असते. मेदाम्लांना तंतुकणिकांत नेऊन त्यांपासून ऊर्जा मिळविण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

गतीची क्षमता आली तरी अधिवृषणाच्या शेवटच्या भागात शुक्राणू बहुतांशी निश्चल ठेवले जातात. तेथील द्रव किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात बायकार्बोनेटचे प्रमाण कमी असते. त्यामुळे शुक्राणूच्या आतील आम्लता वाढलेली राहते आणि शेपटीतील डायनीन या प्रथिनाची यंत्रणा मंदावते. या विश्रांतीमुळे शुक्राणूंची ऊर्जा वाया जात नाही. गती रोखणारी परिस्थितीही प्रजननास उपकारक असते, हे येथेच स्पष्ट होते.

ऊर्जेचा स्रोत : फ्रुक्टोज

रक्तातील मुख्य शर्करा ग्लुकोज आहे, पण वीर्यातील मुख्य शर्करा फ्रुक्टोज आहे, हे केंब्रिज येथील जीवरसायनशास्त्रज्ञ थॅडियस मान यांनी १९४६ साली दाखवून दिले. ही शर्करा शुक्राशयांत तयार होते. तिचे विघटन करून शुक्राणू एटीपी हे ऊर्जावाहक संयुग मिळवितात. शुक्राणूच्या मध्यभागी तंतुकणिका असतात, तर लांब शेपटीत शर्करेचे विघटन करणारी विकरे बसविलेली असतात. उंदरांमध्ये अशा एका विकराचे जनुक निकामी केल्यावर तंतुकणिका शाबूत असूनही शुक्राणूंना पुढे जाता आले नाही, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

संप्रेरकांचा संबंध येथे अप्रत्यक्ष पण निश्चित स्वरूपाचा आहे. शुक्राशयांचे कार्य टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर अवलंबून असते. वृषणे काढून टाकलेल्या प्राण्यांत वीर्यातील फ्रुक्टोज नाहीसे होते आणि टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ते पुन्हा दिसू लागते. या संबंधाचा निदानासाठी उपयोग होतो. वीर्यात शुक्राणू मुळीच नसतील आणि फ्रुक्टोजही नसेल, तर शुक्राशय जन्मतः नसणे किंवा वीर्यवाहक मार्गात अडथळा असणे, या शक्यता वैद्यांना तपासाव्या लागतात.

चालना देणारा घटक : बायकार्बोनेट

इंधन असले तरी यंत्र सुरू होण्यासाठी चालना लागते. ती बायकार्बोनेट या साध्या आयनातून मिळते. वीर्यस्खलनाच्या वेळी अधिवृषणातील शुक्राणू एकाएकी बायकार्बोनेटयुक्त, सौम्य अल्कधर्मी द्रवात येतात. डुकराच्या वीर्यद्रवातील गती देणारा घटक बायकार्बोनेट आहे, हे जपानी संशोधकांनी १९८५ साली दाखविले. पुढे २००० साली अमेरिकन संशोधकांनी त्यामागील यंत्रणा स्पष्ट केली. शुक्राणूत असणारे विद्राव्य ॲडेनिलिल सायक्लेज हे विकर बायकार्बोनेटमुळे थेट उत्तेजित होते आणि चक्रीय एएमपी हे संदेशवाहक संयुग तयार करते. चक्रीय एएमपी वाढले की काही प्रथिनांना फॉस्फेटचे गट जोडले जातात आणि शेपटीचे फटकारे सुरू होतात.

वीर्यद्रवाच्या अल्कधर्मी गुणाचा आणखी एक उपयोग आहे. योनिमार्गातील वातावरण आम्लधर्मी असते. तेथील सामू सर्वसाधारणपणे ३.८ ते ४.५ असतो आणि अशा वातावरणात शुक्राणू लवकरच निश्चल होतात. वीर्याचा सामू ७.२ किंवा त्याहून अधिक असल्यामुळे ही आम्लता काही काळ कमी होते आणि शुक्राणूंना गर्भाशयमुखाकडे जाण्यास अवधी मिळतो.

लगाम घालणारे घटक : जस्त आणि सेमेनोजेलिन

पुरःस्थ ग्रंथीच्या स्रावात जस्ताचे प्रमाण फार मोठे असते. रक्तरसाच्या तुलनेत वीर्यद्रवात ते सुमारे शंभरपट आढळते. जस्त केंद्रकातील गुणसूत्रद्रव्याची घट्ट बांधणी टिकवून धरते. मात्र गतीच्या बाबतीत त्याची भूमिका रोखून धरण्याची आहे. मानवी शुक्राणूच्या शेपटीत हायड्रोजन आयन बाहेर सोडणारी एचव्ही-१ नावाची मार्गिका असते. ही मार्गिका जस्तामुळे बंद राहते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सिद्ध झाले. मार्गिका बंद असेपर्यंत आतील आम्लता टिकून राहते. शुक्राशयातील प्रथिने जस्त बांधून घेऊ लागली आणि पुढे स्त्रीच्या प्रजननमार्गात जस्ताचे प्रमाण घटले, की मार्गिका उघडते, हायड्रोजन आयन बाहेर पडतात आणि शुक्राणू अधिक सक्रिय होतो.

याच संशोधनात आणखी एका नैसर्गिक संयुगाचा परिणाम दिसून आला. त्याचे नाव आनंदामाइड असून ते संस्कृतमधील ‘आनंद’ या शब्दावरून ठेवलेले आहे. शरीरात तयार होणारे हे मेदजन्य संयुग वीर्यद्रवात आणि स्त्रीच्या प्रजननमार्गातील द्रवांतही आढळते. ते एचव्ही-१ मार्गिकेला उत्तेजन देते, म्हणजे जस्ताच्या उलट काम करते.

दुसरा लगाम सेमेनोजेलिन या प्रथिनाचा आहे. शुक्राशयातून येणाऱ्या या प्रथिनामुळे वीर्य बाहेर पडताच घट्ट होते आणि शुक्राणू त्या जाळ्यात अडकून पडतात. त्याचे तुकडे शुक्राणूच्या पृष्ठभागावरील एपिन या प्रथिनाला चिकटून गती मंदावतात. यानंतर पुरःस्थ ग्रंथीतील पीएसए हे विकर कामाला लागते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची शंका असल्यास ज्या पीएसएची रक्तात तपासणी करतात, तेच हे प्रथिन. त्याचे खरे कार्य सेमेनोजेलिनचे तुकडे करून वीर्य पातळ करणे हे आहे. ही क्रिया सामान्यतः १५ ते ३० मिनिटांत होते आणि तिला एक तासापेक्षा अधिक वेळ लागू नये, अशी अपेक्षा असते.

येथे या घटकांचा परस्परसंबंध लक्षात घेण्यासारखा आहे. पुरःस्थ ग्रंथीत भरपूर जस्त असल्यामुळे पीएसए निष्क्रिय राहते. वीर्यात सेमेनोजेलिन मिसळताच ते जस्ताला बांधून घेते, त्यामुळे पीएसए मोकळे होते आणि सेमेनोजेलिनचेच विघटन करते. म्हणजे लगाम घालणारे प्रथिन आपला लगाम सोडविणारे विकरही जागे करते. या व्यवस्थेवरून ‘वीर्य जितके दाट तितके चांगले’ ही समजूत किती चुकीची आहे, हे कळून येते. जे वीर्य ठरावीक वेळेत पातळ होत नाही, त्यात शुक्राणूंच्या हालचालीला अडथळा येतो.

प्रोस्टाग्लँडिन आणि प्रोजेस्टेरॉन

न्यूयॉर्क येथील राफाएल कुर्झरॉक आणि चार्ल्स लीब यांनी १९३० साली मानवी वीर्यामुळे गर्भाशयाच्या स्नायूंच्या हालचालीत बदल होतो, असे नोंदविले. स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी त्यामागील द्रव्याला १९३५ साली प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. हे द्रव्य प्रोस्टेटमधून येत असावे अशा समजुतीने दिलेले हे नाव कायम राहिले, परंतु वीर्यातील प्रोस्टाग्लँडिन मुख्यतः शुक्राशयांतून येते, हे नंतर स्पष्ट झाले. प्रोस्टाग्लँडिनांवरील कार्यासाठी सुने बर्गस्ट्रॉम, बेंग्ट सॅम्युएलसन आणि जॉन वेन यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या संयुगांचा शुक्राणूवर थेट परिणाम कसा होतो, हे समजण्यास मात्र २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शुक्राणूच्या शेपटीत कॅटस्पर नावाची कॅल्शिअम आयन आत घेणारी मार्गिका असल्याचा शोध लागला. ही मार्गिका नसलेल्या नर उंदरांना पिल्ले होत नाहीत. या मार्गिकेच्या जनुकातील बदलांमुळे वंध्यत्व आलेल्या पुरुषांची नोंद २००९ साली इराणमधील दोन कुटुंबांच्या अभ्यासातून झाली. पुढे २०११ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांनी असे दाखविले, की प्रोजेस्टेरॉन हे स्त्रीसंप्रेरक मानवी शुक्राणूतील कॅटस्पर मार्गिका काही क्षणांत उघडते. प्रोस्टाग्लँडिनेही हीच मार्गिका उघडतात, पण त्यांची जोडले जाण्याची जागा वेगळी असते.

सामान्यतः प्रोजेस्टेरॉन पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांचे कार्य बदलते आणि त्यास काही तास लागतात. शुक्राणूचे केंद्रक निष्क्रिय असल्याने तेथे हा मार्ग उपयोगाचा नाही. शुक्राणूच्या बाह्य आवरणातील एबीएचडी-२ या विकराशी प्रोजेस्टेरॉन जोडले जाते आणि त्यामुळे कॅटस्परला रोखणारे मेदद्रव्य दूर होते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडण्यात आले. स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन स्रवतात. त्यामुळे बीजाजवळ आलेल्या शुक्राणूत कॅल्शिअम वाढते आणि त्याच्या शेपटीचे सौम्य, एकसारखे फटकारे बदलून जोरदार व असमान होतात. या अवस्थेला अतिसक्रिय गती म्हणतात. बीजनलिकेच्या भिंतीपासून सुटण्यासाठी आणि बीजाचे जाड आवरण भेदण्यासाठी ही गती लागते.

कोलेस्टेरॉल आणि अकाली सक्रियतेपासून संरक्षण

अतिसक्रिय गती लवकर सुरू झाली तर शुक्राणूची ऊर्जा बीजापर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपून जाईल. वीर्यद्रव याला प्रतिबंध करतो. ताज्या वीर्यातील शुक्राणू पोहत असले तरी लगेच फलन करू शकत नाहीत, त्यांना स्त्रीच्या प्रजननमार्गात काही काळ राहावे लागते, असे अमेरिकेतील एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियातील सी. आर. ऑस्टिन यांनी १९५१ साली स्वतंत्रपणे दाखविले. या बदलास क्षमताप्राप्ती असे म्हणता येईल. चँग यांनी १९५७ साली आणखी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. क्षमता प्राप्त झालेले शुक्राणू पुन्हा वीर्यद्रवात ठेवले असता त्यांची फलनक्षमता नाहीशी झाली.

यामागील एक कारण कोलेस्टेरॉल हे आहे. पुरःस्थ ग्रंथीतून प्रोस्टासोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या स्रवतात. त्यांच्या आवरणात कोलेस्टेरॉल भरपूर असते आणि ते शुक्राणूच्या आवरणाला स्थैर्य देते. पुढे गर्भाशयमुखातील स्रावातून केवळ शुक्राणू पोहून जातात आणि वीर्यद्रव मागे राहतो. वरच्या मार्गातील अल्ब्युमिन हे प्रथिन शुक्राणूच्या आवरणातील कोलेस्टेरॉल काढून घेते, आवरण अधिक प्रवाही होते आणि शुक्राणू पुढील संकेत स्वीकारण्यास सिद्ध होतो. म्हणून वीर्यद्रवाचा सहवास सुरुवातीला आवश्यक असला, तरी योग्य वेळी तो सुटणेही तितकेच आवश्यक आहे.

रक्तातील संप्रेरके आणि वीर्यद्रवातील संप्रेरके

या दोहोंमध्ये नेहमी गल्लत केली जाते. पीयूषिका ग्रंथीतून येणारी एलएच व एफएसएच ही संप्रेरके वृषणावर कार्य करतात. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते आणि वृषणातील त्याचे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. शुक्राणूंच्या निर्मितीस आणि शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथीच्या स्रावांस या संप्रेरकाची गरज असते. म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा गतीशी असलेला संबंध मुख्यतः निर्मितीच्या टप्प्यावरचा आहे. याउलट प्रोस्टाग्लँडिन व प्रोजेस्टेरॉन यांचा परिणाम तयार शुक्राणूवर थेट व तत्काळ होतो. वीर्यद्रवात प्रोलॅक्टिन, इन्सुलिन, लेप्टिन, ऑक्सिटोसिन, मेलाटोनिन अशी इतरही संप्रेरके आढळली आहेत. तथापि एखादे द्रव्य वीर्यात आढळणे आणि ते गतीचे नियंत्रण करीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा भेद न समजल्यामुळे होणारे नुकसान गंभीर आहे. ‘पुरुषी संप्रेरक घेतले की बीज सुधारते’ अशा समजुतीने, किंवा व्यायामशाळांतून शरीर कमावण्यासाठी, काही तरुण टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतात. बाहेरून हे संप्रेरक मिळाले की पीयूषिका ग्रंथी एलएच व एफएसएच यांचा स्राव कमी करते, वृषणातील टेस्टोस्टेरॉन घटते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनँथेट घेणाऱ्या बहुसंख्य निरोगी पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू आढळेनासे झाले. ही चाचणी संततिनियमनासाठी होती. अपत्याची इच्छा असणाऱ्याने हे संप्रेरक स्वतःच्या मनाने घेणे म्हणजे नेमका उलट परिणाम ओढवून घेणे होय.

पूरक औषधे : अपेक्षा आणि पुरावा

वीर्यात जस्त भरपूर असते, म्हणून जस्ताच्या गोळ्या घेतल्यास गती वाढेल, असा तर्क सहज केला जातो. अमेरिकेत २,३७० पुरुषांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने दररोज ३० मिलिग्रॅम जस्त व ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड देण्यात आले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या शुक्राणूंची गती सुधारली नाही आणि जिवंत अपत्यजन्माचे प्रमाणही वाढले नाही. उलट शुक्राणूंतील डीएनए तुटण्याचे प्रमाण किंचित अधिक आढळले. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, सेलेनिअम, कार्निटाइन, जस्त इत्यादींचे मिश्रण देऊन केलेल्या आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका लहान चाचणीतही गतीत सुधारणा दिसली नाही. ज्याच्या आहारात एखाद्या घटकाची खरोखर कमतरता आहे, त्याची गोष्ट वेगळी. ती तपासणीने ठरवावी लागते.

वनस्पतिजन्य संयुगांबाबतही अशीच सावधगिरी हवी. आंब्यासह अनेक वनस्पतींत आढळणारे ल्युपिऑल हे संयुग प्रोजेस्टेरॉनचा कॅटस्परवरील परिणाम रोखते, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याची बरीच चर्चा झाली. परंतु २०१८ साली दुसऱ्या संशोधकगटाला तसा परिणाम आढळला नाही. दुसऱ्या बाजूला, सूर्यकिरणरोधक मलमांतील काही रसायने आणि ट्रायक्लोसान यांसारखी द्रव्ये प्रयोगशाळेत मानवी शुक्राणूतील कॅटस्पर मार्गिका अवेळी उघडतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. प्रयोगशाळेतील परिणाम शरीरात त्याच प्रमाणात घडतो असे नाही. तरीही संकेतांची वेळ बिघडविणारी द्रव्ये अपायकारक ठरू शकतात, हा विचार यातून पुढे आला आहे.

निदान, उपचार आणि संततिनियमन

वीर्यतपासणीचे नियम वरील माहितीच्या आधारे अधिक चांगले समजतात. तपासणीपूर्वी २ ते ७ दिवसांचा संयम, नमुना पूर्ण गोळा करणे आणि तो शरीराच्या तापमानाजवळ ठेवून एका तासाच्या आत तपासणे आवश्यक असते. नमुन्याचा पहिला भाग सांडल्यास बहुसंख्य शुक्राणू गमावले जातात आणि अहवाल दिशाभूल करणारा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एकूण गतिशीलतेची खालची संदर्भमर्यादा ४२ टक्के, तर पुढे जाणाऱ्या शुक्राणूंची ३० टक्के आहे. निरोगी पित्यांच्याही वीर्यात सर्व शुक्राणू पोहत नसतात, हे यावरून लक्षात यावे. एका तपासणीवरून निष्कर्ष काढणेही योग्य नाही.

उपचारात वीर्यद्रव काढून टाकण्याचे तंत्र वापरले जाते. कृत्रिम वीर्यसेचन किंवा शरीराबाहेरील फलन करण्यापूर्वी शुक्राणू धुऊन वेगळे करतात. मुंबईत १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या प्रयत्नांतून शरीराबाहेरील फलनाद्वारे अपत्यजन्म झाला. परळ येथील प्रजननविषयक संशोधन संस्थेचा त्यात महत्त्वाचा सहभाग होता. तेव्हापासून ही उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजली. धुतलेल्या शुक्राणूंना जे माध्यम दिले जाते त्यात बायकार्बोनेट, शर्करा आणि अल्ब्युमिन असते. म्हणजे निसर्गातील संकेतांचाच क्रम तेथे प्रयोगशाळेत साधला जातो.

याच ज्ञानाचा उपयोग पुरुषांसाठी संप्रेरकविरहित गर्भनिरोधक शोधण्यासाठी होत आहे. एपिनवर कार्य करणारे ईपी-०५५ हे संयुग दिल्यावर ३० तासांनी माकडांच्या शुक्राणूंची सामान्य गती थांबली आणि १८ दिवसांत ती पूर्ववत होण्याची लक्षणे दिसली, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. विद्राव्य ॲडेनिलिल सायक्लेज तात्पुरते रोखणाऱ्या संयुगाच्या एका मात्रेने नर उंदरांत सुमारे दोन तास गर्भधारणा पूर्णपणे टळली आणि दुसऱ्या दिवशी प्रजननक्षमता पूर्ववत झाली, असे २०२३ सालच्या संशोधनात आढळले. हे प्रयोग प्राण्यांवरील आहेत. तरीही संततिनियमनाचा भार आजवर प्रामुख्याने स्त्रियांनीच वाहिला आहे, हे लक्षात घेता त्यांचे सामाजिक महत्त्व मोठे आहे.

निष्कर्ष

१. शुक्राणूंची गती वीर्यद्रवातील घटकांच्या क्रमबद्ध कार्यावर अवलंबून असते. फ्रुक्टोज ऊर्जा देते, बायकार्बोनेट चालना देते, जस्त व सेमेनोजेलिन रोखून धरतात आणि प्रोस्टाग्लँडिन व प्रोजेस्टेरॉन कॅल्शिअमद्वारे गतीचे स्वरूप बदलतात.
२. गती रोखणारे घटक दोष नसून संरक्षण आहेत. प्रमाण, वेळ आणि क्रम यांचा मेळ हेच या व्यवस्थेचे मर्म आहे.
३. टेस्टोस्टेरॉनचे कार्य शुक्राणूंच्या निर्मितीशी निगडित असून ते बाहेरून घेतल्यास निर्मिती घटते.
४. जस्त व इतर पूरके सरसकट घेतल्याने गती सुधारते, या म्हणण्याला २०२० च्या चाचण्यांनी आधार दिलेला नाही.

समारोप

वीर्याकडे ‘शक्ती’ किंवा ‘मर्दानगी’ म्हणून न पाहता एक जैवरासायनिक व्यवस्था म्हणून पाहिल्यास अनेक गैरसमज दूर होतात. मंद गती हा पुरुषाच्या पौरुषावरील कलंक नव्हे आणि अपत्य नसणे हा स्त्रीचा अपराध नव्हे. जोडप्याची तपासणी एकाच वेळी सुरू करणे, वीर्यतपासणी प्रशिक्षित प्रयोगशाळेत नियमानुसार करून घेणे आणि जाहिरातींतील औषधांऐवजी तज्ज्ञांचा सल्ला घेणे, एवढे जरी घडले तरी अनेक कुटुंबांची वर्षे आणि अनेक स्त्रियांची होणारी मानहानी वाचू शकेल. महाविद्यालयीन स्तरावर जीवशास्त्राच्या अध्यापनात या विषयाची मोकळी व शास्त्रशुद्ध मांडणी होणे त्या दृष्टीने आवश्यक आहे.